बोट कुणाचं लागलं

शनिवारी दुपारी रामनगरहून आलेल्या बसच्या डिकीतून माझं पोतं निघालं. आईनं पाठवलेलं. कंडक्टर म्हणाला, “ओ मॅडम, निम्मं पोतं मातीचंच हाय की! मातीचं तिकीट कुणी काढायचं?” मी हसले आणि ते पोतं रिक्षात घालून तसंच ऑफिसात नेलं. खोलीवर टाकून परत यायला वेळ नव्हता. बेळगावातलं आमचं ऑफिस लहान आहे. सात माणसं, एक खिडकी. माझ्या टेबलाखाली पोतं सरकवलं तर तोंडाशी बांधलेली दोरी सुटली आणि एक लांबलचक मुडली बाहेर डोकावली. मुडली म्हणजे अळूच्या जातीचा कंद, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. पोत्यात कणगी होती, सुरण होता, कागदात गुंडाळलेले मूठभर करांदे होते. आणि सगळ्याला लागलेली आमच्या परसातली तांबूस काळी माती.

मी कंद आत ढकलत होते तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणाली, “फोन अ‍ॅप घेतच नाही. इन्स्टॉल झालं नाही म्हणतो.” आमचे सर मान वर न करता म्हणाले, “जुनं काढून टाक. परत टाक.”

माझा हात पोत्यातच थांबला.

भात कापून, मळून झालं की आमच्याकडं कंद खणायचे दिवस येतात. सकाळी दहापर्यंत धुकं असतं. झाडांवर चढलेले कोन, कणगी अशा कंदांचे वेल पिवळे पडतात, मग वाळतात, मग पानं गळून नुसती दोरी राहते. ती दोरी धरून खाली खाली यायचं, आणि जिथं ती मातीत शिरते तिथं पहार मारायची. घराघरांतून उकडलेल्या कंदांचा वास येतो. मुडली सोलून बायकांचे हात खाजतात, मग आमसुलाचं पाणी चोळतात. लहानपणी मला वर्षातला हाच काळ सगळ्यात आवडायचा. आता तो आला की मला एक वाक्य आठवतं. ते मी बोललेलं आहे.

आमचं गाव दिग्गीच्या वाटेवर, रानात आहे. गाव म्हणजे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरची घरं. मी रामनगरला मावशीकडं राहून शिकले, पुढं बेळगावला कॉलेज केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. हे मी मिरवायला सांगत नाही. उलट, ही पदवी माझ्या एकटीची नाही एवढं सांगायचं आहे. दर सोमवारी पहाटे मला बसपर्यंत दोन मैल रानातून चालावं लागायचं आणि वाटेत गवे असायचे. बाबा त्या वेळी कामाला कॅसलरॉककडं असत आणि आई माझ्या लहान भावाला सोडून येऊ शकत नसे. मला सोडायला यायची ती शेवंती काकी. आमच्या वरच्या अंगाचं घर तिचं. सख्खी काकी नव्हे, पण सख्ख्या काकीनं एवढं केलं असतं की नाही कोण जाणे. हातात कोयता, डोक्याला पंचा, आणि वाटभर बडबड. गव्यांना आपला आवाज आधी कळला पाहिजे म्हणायची. “बोलत ऱ्हा गं. काय शिकलीस ते सांग. मला न्हाई कळलं तरी गव्याला कळंल.” मी तिला भूमितीची प्रमेयं म्हणून दाखवायची. तीन वर्षं. पावसात, थंडीत. मी बसमध्ये चढले की ती हात हलवायची नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत नुसती उभी राहायची.

काकी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. सही करते, आकडे ओळखते. पण कंदांच्या बाबतीत गावात तिच्या तोडीचं कुणी नाही. आमच्याकडं एक रीत आहे. कुठल्याही जातीचं बियाणं एका घरात ठेवत नाहीत. कंद खणला की त्याचा वरचा डोळ्याचा तुकडा कापून काही आपल्या परसात लावायचा आणि काही दुसऱ्यांच्या. निदान तीन परसांत एक जात पाहिजे. एकीकडं डुकरांनी उकरलं, एकीकडं कुजलं, तरी तिसरीकडं राहतं. आणि मागायला गेलं की नाही म्हणायचं नाही. आता कुठली जात कुणाच्या परसात आहे, कुठल्या झाडाखाली, ती कुणाच्या माहेराहून आली, हे सगळं शेवंती काकीच्या डोक्यात. कागदावर काही नाही. तिचे गुडघे दुखायला लागले, चढ चढवेना, तेव्हा गावातल्या बायकांच्या बचत गटाला काळजी वाटायला लागली.

एकदा मी गावी गेले असताना तिनंच विषय काढला. “तू म्हणं लोकांचं सगळं फोनात घालायचं काम करतीस. मग ह्ये घाल की.”

मी काय काम करते ते तिला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं असेल माहीत नाही, पण ते खरं आहे. मी मोबाइलची अ‍ॅप्स बनवते. एकदाच लिहायचं आणि ते अँड्रॉइडवरही चालायचं, आयफोनवरही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात दिवसातले निम्मे तास ते का चालत नाही हे शोधण्यात जातात. काल चाललेलं आज चालत नाही. माझ्या लॅपटॉपवर चालतं, शेजारच्यावर नाही. मी एक अक्षर बदललेलं नसतं, पण कुठूनतरी आणलेला एखादा तयार भाग नवा झालेला असतो आणि दुसरा जुनाच राहिलेला असतो, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पडद्यावर लाल ओळींचा ढीग येतो. शंभर ओळींत कामाची ओळ एकच असते, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात खाली नसते, मध्येच कुठंतरी असते. ती शोधायला मी शिकले. शाळेतली सवय म्हणून मी एक दोनशे पानी वही केली आहे. डावीकडं अडचण, मधे कारण, उजवीकडं उपाय. पट्टीनं रेघा मारलेल्या. ऑफिसात माझी त्यावरून चेष्टा होते, पण अडलं की सगळे ती वही मागतात.

त्या वहीतला उजवा रकाना आज वाचला तर एक गोष्ट दिसते. पहिला उपाय जवळजवळ नेहमी तोच आहे. साफ करा. साठवलेलं उडवा. अ‍ॅप काढून पुन्हा टाका. आमच्या कामात हे हातपाय धुण्याइतकं साधं आहे. आमच्या तपासणीच्या फोनमध्ये गमावण्यासारखं काही नसतंच. नावं खोटी, फोटो खोटे. पुसलं तरी कुणाचं काही जात नाही.

काकीचं अ‍ॅप मी सुट्टीच्या दिवसांत केलं. कंदाचा फोटो काढायचा, लाल बटण दाबून बोलायचं, घर निवडायचं. घर म्हणजे त्या घराच्या दाराचा फोटो. लिहायचं काही नाही. गावात फोन कसाबसा लागतो, पण इंटरनेटची रेंज मिळते ती देवळामागच्या खडकावरच. तिथं लॅपटॉप घेऊन बसायचे. अ‍ॅप बांधायला लागणारे भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात. ऑफिसात दोन मिनिटांत येणारी गोष्ट तिथं दुपारभर यायची, आणि शेवटच्या टप्प्यात रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा. काकी खाली चुलीवर कंद उकडायला ठेवून वर यायची आणि विचारायची, “शिजलं व्हय गं?” मी म्हणायचे, “न्हाई अजून.” “माझं शिजलं,” ती म्हणायची, “चल.”

पहिल्यांदा अ‍ॅप माझ्या फोनवर व्यवस्थित चाललं आणि काकीकडं असलेल्या गटाच्या फोनवर बोलताना बंद पडलं. तो फोन जुना होता. आवाज घ्यायची परवानगी तो वेगळ्या पद्धतीनं मागायचा, आणि मी ते लिहिलंच नव्हतं. ते सापडायला दोन रविवार गेले. सापडलं त्या दिवशी काकीनं पहिल्यांदा बटण दाबलं आणि फोनला समोर बसलेल्या माणसासारखं सांगायला लागली. “हां. ऐक आता नीट. ही काटेकणगी. हिला हात लावताना जपून, काटं हायत. ही माझ्या सासूनं तिच्या माहेराहून आणली. आता ती माझ्याकडं हाय, पार्वतीकडं हाय, आणि खालच्या घरी हाय. कळलं?” मग फोनकडं बघत थांबली. उत्तराची वाट बघत होती.

त्या हिवाळ्यात ती घराघरांत फिरली. गुडघ्याला फडकं बांधून. बायका चेष्टा करायच्या. पार्वती वैनी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, जिभेनं तिखट, ती म्हणायची, “काकी, आमच्या कोंबडीचा पन काढ की फोटो. तीबी माहेराहून आणलीया.” काकी ऐकून घ्यायची आणि पुढच्या परसात शिरायची. मी बेळगावला असले की आईच्या फोनवरून मला बातमी द्यायची. “आज चार झाले बाय.” तिनं काढलेला प्रत्येक फोटो मी नंतर बघितला. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात तिचा अंगठा होता. कुठं नखापर्यंत, कुठं अर्धा. मातीनं भरलेला, एका बाजूला चीर पडलेला. कंद बदलायचा, झाड बदलायचं, अंगठा तोच. मी तिला एकदा सांगितलं, “काकी, बोट मधे येतंय गं.” ती म्हणाली, “येऊ दे की. फोन पडू ने म्हणून धरायला नगो?”

पुढच्या वर्षी ऑफिसनं मला नवा लॅपटॉप दिला. जुना परत घेतला, पुसला, दुसऱ्याला दिला. मला फार आनंद झाला होता. आईला मी फोनवर सांगितलं, तर तिनं देवापुढं साखर ठेवली. त्या लॅपटॉपबरोबर काय गेलं ते मला माहीत असायला हवं होतं. प्रत्येक अ‍ॅपवर ते बनवणाऱ्याची एक छुपी सही असते. प्ले स्टोअरसारख्या दुकानात ठेवायचं अ‍ॅप असेल तर ती सही मुद्दाम करून जपून ठेवतात. पण नुसतं करून बघायचं अ‍ॅप असेल तर लॅपटॉपच आपली एक कच्ची सही ठोकून देतो, आणि ती त्या लॅपटॉपबरोबरच राहते. गावचंच तर आहे, म्हणून मी काकीचं अ‍ॅप कच्च्या सहीवर दिलं होतं. इतरांसाठी काम करताना मी हे कधी केलं नसतं. नेमकं माझ्या माणसांसाठी केलं.

त्या वर्षी कंद खणायच्या दिवसांत गावच्या शाळेच्या पटांगणात सगळ्या जाती मांडायचं ठरलं. तालुक्याहून पाहुणे येणार होते. टोपल्या ओळीनं लावल्या होत्या. काकीनं नवं लुगडं नेसलं होतं आणि गटाचा फोन पदराच्या टोकात बांधून ठेवला होता. पाहुण्यांना ती एकेक कंद दाखवणार आणि फोनमधलं बोलणं ऐकवणार, असं ठरलं होतं. मी नवं, मोठ्या अक्षरांचं अ‍ॅप तयार करून आणलं होतं. खरं तर त्याची काही गरज नव्हती. जुनं चांगलं चाललं होतं. पण पाहुण्यांपुढं जरा बरं दिसावं असं मला वाटत होतं. काकीचं बरं दिसावं म्हणून की माझं, हे मी आता स्वतःला विचारलं तर उत्तर सरळ आहे.

फोननं नवं अ‍ॅप घेतलं नाही. त्यावर नव्या लॅपटॉपची सही होती, ती जुनीशी जुळत नव्हती. पाहुण्यांची गाडी वळणावर दिसत होती, बायका माझ्याभोवती गोळा झाल्या होत्या, आणि “शिकलेली पोरगी” काय करते ते बघत होत्या. मी डोकं लावलं नाही. बोट लावलं. जुनं अ‍ॅप दाबून धरलं. हे काढून टाकायचं का, फोननं विचारलं. खाली दोन पर्याय होते. मी ‘ठीक आहे’वर बोट टेकवलं.

नवं अ‍ॅप झटक्यात बसलं. मोठी सुबक अक्षरं. खाली लिहिलेलं: अजून एकही नोंद नाही.

तिचा सगळा हिवाळा त्या फोनमधल्या जुन्या अ‍ॅपमध्येच होता, दुसरीकडं कुठंच नव्हता. हे मला नंतर सुचलं नाही, त्याच क्षणी कळलं. काकी टोपल्यांतून वाट काढत आली. “बाय, माझी काटेकणगी लाव की आधी. ती पयली.” मी फोन हातात धरून उभी. आणि मी म्हणाले, “काकी, यात काही दिसत नाही. तुमच्याकडून कुठंतरी बोट लागलं असेल.”

आयुष्यात मी तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तो आवाज ऑफिसातला होता, गिऱ्हाइकांशी बोलायचा, सौम्य आणि स्वच्छ.

पार्वती वैनी खो खो हसली. “लागलं असंल कशापाय? काकीचा अंगठा हायच की सगळ्या फोटोंत!” बाकीच्याही हसल्या. त्यात दुष्टपणा नव्हता. अंगठा खरंच सगळ्यांनी पाहिला होता. माझं खोटं कुणी तपासलं नाही, कारण त्याचा पुरावा काकीनंच हिवाळाभर काढून ठेवला होता. काकीनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. मग तो नव्या लुगड्याला पुसला. “असंल बाय,” ती म्हणाली. “मला काय कळतंय त्यातलं.”

पाहुणे आले, फिरले, फोटो काढले. काकी पाठीमागं भिंतीला टेकून उभी राहिली. कंदांची नावं पार्वती वैनीनं सांगितली, दोन चुकीची. काकीनं दुरुस्त केली नाहीत. फोन त्या दिवसापासून वैनीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला आठवलं की कच्च्या सहीच्या अ‍ॅपच्या पोटातलं सगळं वायर लावून आधी लॅपटॉपवर काढून घेता येतं. अर्धा तास लागला असता. पाहुण्यांना अर्धा तास उकडलेले कंद खायला दिले असते तर कुणी नको म्हटलं नसतं. मी वही काढली आणि लिहिलं. डावीकडं: नवं अ‍ॅप बसत नाही. मधे: सही वेगळी. उजव्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही. तो वर्षभर तसाच होता.

ऑफिसात कुणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. कुणाच्या हातून, किती वाजता, कुठली ओळ. त्यामुळं आम्ही एकमेकांशी फार प्रामाणिक असतो. माझ्याकडून मोडलं, असं मी तिथं आठवड्यातून एकदा तरी म्हणते, आणि कुणी रागावत नाही. गावात तशी नोंद नाही. तिथं फक्त माझा शब्द होता, शिकलेल्या मुलीचा. तो शब्द इतका वजनदार करायला काकीनं तीन वर्षं माझ्याबरोबर चालून मदत केली होती.

मधे एकदा आई फोनवर सहज म्हणाली, “शेवंती आता पोरानं घेऊन दिलेला फोन वाजला तरी उचलत न्हाई. पोराचा फोन असला तरी मला हाक मारती. म्हणती, माझ्या हातानं जाईल कायतरी.” मी म्हणाले, “असं कसं?” आई म्हणाली, “भ्याली ती. आणि कणगीचं बियाणं कुठं कुठं हाय ते इचारलं तर म्हणती, पार्वतीच्या फोनात बघा.” पार्वतीकडच्या त्या गटाच्या फोनात काहीच नव्हतं. नवं अ‍ॅप रिकामंच पडलं होतं. काकीला आपल्या डोक्यातलंही आता खात्रीचं वाटेना, हे मला त्या वाक्यातून कळलं. मी विषय बदलला. असा मी तो वर्षभरात किती वेळा बदलला ते मोजायची मला भीती वाटते.

आणि या शनिवारी पोतं आलं. सर म्हणाले, काढून टाक, परत टाक. मी उठून त्या नवीन मुलीच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, “थांब. आधी आत काय आहे ते बघू.” माझा आवाज जरा मोठा झाला असावा. सगळ्यांनी वर बघितलं. तिच्या फोनमध्ये काहीच नव्हतं, खोटी नावं होती नेहमीसारखी. पण मी रविवारी सकाळची बस धरली.

काकी परसात होती. वाळका वेल धरून खाली वाकली होती, पहार बाजूला पडलेली. “आलीस व्हय? धर ही जरा.” मी पहार धरली. कंदाभोवतीची माती मोकळी करता करता मी सांगितलं. सही, लॅपटॉप असलं काही सांगितलं नाही. म्हटलं, “काकी, गेल्या साली फोनातलं सगळं माझ्या बोटानं गेलं. तुझ्या न्हाई. मी दाबलं. मला तवाच ठावं होतं. मी खोटं बोलले.”

ती हातानं माती उकरत राहिली. मग हात थांबले.

“तूच पुसलंस?”

“व्हय.”

“आणि माझं नाव घातलंस.”

“व्हय.”

ती जमिनीवर बसली. गुडघा धरून. मला वाटलं ती म्हणेल, असू दे बाय, पोरींच्या हातनं चुका व्हायच्याच. ती तसं म्हणाली नाही. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं. “वरीस झालं गं. वरीसभर मी फोनाला हात लावला न्हाई. पोरगा गोव्यासनं फोन करतो, मी तुझ्या आईला हाक मारती. येडी झाले म्हणतोय तो मला.” मग जरा थांबून, “आणि एक सांग. तू एवढं शिकलीस, आणि सगळं एकाच फोनात ठेवलंवतंस? आम्ही अडाणी बाया कणगी तरी एका घरात ठेवतो व्हय?”

ही रीत मी त्या अ‍ॅपमध्ये चित्रांसकट घातली होती. प्रत्येक जातीपुढं तीन दारं. आणि अ‍ॅप मात्र एकाच घरी ठेवलं होतं.

“मला एकटीला हितं परसात सांगून काय व्हतंय?” काकी म्हणाली. “हसल्या त्या सगळ्या हुत्या.”

दुपारी गटाच्या बायका बियाण्याचे तुकडे वाटून घ्यायला काकीच्या अंगणात जमल्या. मी रेंजच्या खडकावर जाऊन ऑफिसला दोन दिवसांची सुट्टी कळवून आले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. उभी राहिले आणि म्हणाले, गेल्या वर्षी काकीचं बोट लागलं नव्हतं, माझं लागलं, आणि मी काकीवर ढकललं. आई अंगणातल्या चुलीपाशी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. हातातल्या कंदाकडं बघत होती. ज्या आईनं लॅपटॉपसाठी देवापुढं साखर ठेवली होती, तिनं मान वर केली नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पार्वती वैनीच पहिली बोलली. “म्हणजे आम्ही उगंच हसलो व्हय?” मग काकीकडं वळून, हळू आवाजात, “काकी, मी दोन नावं चुकवली ना गं त्या दिवशी? तू बोलली न्हाईस. मला घरी गेल्यावर कळलं.” तिनं घरून फोन मागवला, पदरानं पुसला आणि काकीच्या पुढ्यात ठेवला.

काकीनं तो उचलला नाही. मला वाटलं होतं की खरं सांगितलं की तिचा हात मोकळा होईल. हात तसा होत नाही. “आज न्हाई,” ती म्हणाली. “आज तू धर. मी बोलती.”

त्या दोन दिवसांत मी अ‍ॅप नव्यानं बांधलं. पक्की सही केली, तिची एक नक्कल बेळगावला, एक आईच्या पेटीत. प्रत्येक नोंद तीन फोनांत जाईल असं केलं. गटाच्या, पार्वती वैनीच्या आणि खालच्या घरच्या सुनेच्या. एकाचं गेलं तर दुसरीकडून मागून घेता येईल. वहीतला तो उजवा रकाना मी तिथंच खडकावर बसून भरला. त्यात पहिल्यांदाच ‘पुसा’ हा शब्द नव्हता. हे चांगलं झालं, असं कुणी म्हणेल. पण तो गेलेला हिवाळा परत आला नाही. काकीनं त्यात सांगितलेल्या सगळ्याच जाती तिला आता आठवत नाहीत, आणि एका जातीचं तिसरं घर कुठलं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही परसात गेलो. काकीनं काटेकणगी हातात उचलून धरली. मी फोन धरला, लाल बटण दाबलं. धुकं होतं, कंद खणून माझे हात ओल्या मातीचे झाले होते, फोन निसटेल म्हणून मी तो घट्ट पकडला. “हां,” काकी म्हणाली, “ऐक आता नीट,” आणि सासूच्या माहेरापासून सुरू केलं. संपल्यावर मी फोटो तिच्यापुढं धरला. तिनं डोळे बारीक करून बघितलं. पार्वती वैनी कुंपणापलीकडून वाकून बघत होती.

“कंद बरा दिसतोय,” काकी म्हणाली. “कोपऱ्यात ह्यो कुणाचा अंगठा गं?”

मी बघितलं. उजव्या कोपऱ्यात, नखापर्यंत, मातीनं भरलेला.

“माझा, काकी. दुसरा काढते.”

“नगो,” ती म्हणाली. “पुसू नगो. ऱ्हाऊ दे.”